घरच्या मुलीप्रमाणे

१४ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर पहिलीतलं. तरी लिहायला हवं. नाहीतर जो विचारेल त्याच्यासमोर आठवणीत थोडी थोडी भर पडत जाईल, आणि मलाच कळणार नाही.

बाबांचीच पद्धत. लहानपणी दम्यामुळे तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही. जयसिंगपूरच्या घरी बाबाच शिकवायचे. पानाच्या मधोमध रेघ, एका बाजूला ‘पाहिलं’, दुसऱ्या बाजूला ‘वाटलं’. एकातलं दुसऱ्यात गेलं की पान पुन्हा लिहायचं.

पा. – लॅबमधून संध्याकाळी होस्टेलवर आले, मागच्या वाटेनं. म्हशी नुकत्याच गेल्या होत्या, अंगणात ओलं शेण. जिन्यात अंधार. वळणावर माणूस. पर्स ओढली. पट्टा उजव्या मनगटाला गुंडाळलेला. पर्स गेली, मी खाली.

वा. – तो तिथे बराच वेळ उभा होता. (कशावरून? माहीत नाही. राहू दे त्या बाजूला.)

मनगट मोडलंय. डॉक्टर म्हणाले, नसही दुखावली असेल, प्लास्टर निघाल्यावर कळेल.

१६ नोव्हेंबर

काकी पांढरा रस्सा घेऊन आल्या. होस्टेल त्यांचं आणि अण्णांचं, खालच्या मजल्यावर दोघं राहतात. गुडघे दुखतात तरी वर चढून येतात, भरवतात.

“खा की. दोन घास जादा खाल्लंस म्हणून काय भाडं वाढवत न्हाय.”

मला रडू आलं. त्यांना वाटलं तिखट लागलं. पांढऱ्या रश्श्याला कसलं तिखट.

१९ नोव्हेंबर

पोलीस येऊन गेले. जिना पाहिला, अंगण पाहिलं. मागे फाटक का नाही, असं विचारलं. अण्णा छाती काढून म्हणाले, “साहेब, आमच्या आज्जानं ही वाट म्हशीस्नी दिलीया. फाटक हुतं. एक गाभण म्हस अडकली त्यात. तवापास्नं काढून ठेवलंय.”

मागच्या गोठ्यातल्या म्हशी रोज संध्याकाळी आमच्या अंगणातून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातात, तिथे गिऱ्हाइकासमोर धार काढून पेल्यानं दूध विकतात. बदल्यात रामू गवळी होस्टेलला घागर भरून दूध देतो. दारावरच्या बोर्डावर तेच लिहिलंय – ‘मुलींसाठी घरगुती वातावरण. शुद्ध दूध. २४ तास सुरक्षा.’

दूध फाटक नसल्याबद्दल मिळतं हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. रोज पेलाभर पीत होते मी ती उघडी वाट.

पोलिसांनी मान डोलावली. चहा प्यायले.

२४ नोव्हेंबर

मागे वेल्डिंग चाललंय. दोन झडपांचं लोखंडी फाटक, वर भाले. जिन्यात नवा दिवा, डोळे दिपतील असा. दीपाली म्हणाली, “तुझ्या हाताच्या पैशात आमची सोय झाली बघ.” दीपाली माझी रूममेट, इचलकरंजीची, तोंडाला आवर नाही. चेष्टेत म्हणाली. मी हसले. मग हसण्याचा राग आला.

फाटक बसवायला एवढा कमी वेळ लागतो.

१ डिसेंबर

भाडं द्यायला खाली गेले. काकींनी पाकीट परत माझ्या ओढणीत कोंबलं. “या महिन्याचं ऱ्हाऊ दे.” मी म्हटलं, नको काकी, हिशोब बरा. त्या चिडल्या. “लेकीकडनं भाडं घ्यायचं व्हय मी?”

परत वर आले. पाकीट टेबलावर. घेतलं हे बरं केलं का? त्यांचं मन मोडवलं नाही. पण बरं वाटत नाहीये.

२० डिसेंबर

प्लास्टर निघालं. हात बारीक, पांढरट, कुणा दुसऱ्याचाच वाटतो. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित पूर्ण नाही येणार.

‘कदाचित’ कुठल्या बाजूला लिहायचं?

२७ डिसेंबर

लॅबमध्ये गेले. एका आजोबांचं रक्त घ्यायचं होतं. शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. बोटाखाली काहीच नव्हतं. कापसावर बोट ठेवल्यासारखं. सुई त्यांच्या हातापर्यंत नेली आणि थांबले. आजोबा म्हणाले, “घ्या की बाई, मी न्हाय भीत.”

मी भ्याले. दुसरीनं घेतलं.

सरांनी रिसेप्शनला बसवलंय. म्हणाले तात्पुरतं. पगार आपोआप रिसेप्शनचा झाला, त्याला तात्पुरतं म्हणाले नाहीत.

५ जानेवारी

अण्णांना विचारलं. नीट, हात जोडून. म्हटलं, अण्णा, माझं काम गेलं. फाटक नव्हतं, दिवा नव्हता. फिजिओथेरपी तरी बघाल का?

“पोरी, चोरानं ढकललं तुला. मी ढकललं का?”

नाही म्हटलं.

“मग? चोराला धर की. मी काय चोराचा मालक हाय?”

काकी स्वयंपाकघरात होत्या. भांडी आपटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या नाहीत.

११ जानेवारी

वकीलबाईंकडे. खासबागेच्या बाजूला एका जिन्यावर ऑफिस. जिन्याकडे आधी पाहिलं, मग चढले. आता हे जन्मभर.

व.बाई म्हणाल्या, चोर वेगळा, मालक वेगळा. ज्यानं पैसे घेऊन ‘सुरक्षा’ विकली, त्यानं निदान फाटक लावायला हवं होतं. धोका आहे हे त्याला ठाऊक होतं आणि टाळता येण्यासारखा असून टाळला नाही, तर ती सेवेतली त्रुटी. ग्राहक आयोगात जाऊ.

मग विचारलं, “त्यांना ठाऊक होतं का? आधी कुणी सांगितलेलं?”

मी सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी, काकींबरोबर मेथी निवडताना. मागची वाट उघडी असते, जिन्यातला दिवा लागत नाही, भीती वाटते.

“कुणासमोर?”

काकी आणि मी. आणि मेथी.

व.बाई हसल्या. “दिवा फुटलेला होता असं लिहू?”

म्हटलं, फुटलेला पाहिला नाही. अंधार पाहिला.

“अनुजा, प्रामाणिक माणसाची केस चालवायला दुप्पट कष्ट पडतात हो.”

१४ जानेवारी

व.बाईंचा फोन. मिळकत उताऱ्यावर मालक म्हणून नाव अण्णांचं नाही. काकींचं आहे. आज्जाची जागा अण्णांनी बायकोच्या नावावर करून ठेवली, कर वाचावा म्हणून.

नोटीस काकींना जाणार. सामनेवाले क्रमांक एक – काकी. अण्णा दोन.

म्हटलं, फक्त अण्णांवर करता येणार नाही का. म्हणाल्या, कायदा रस्सा कुणी भरवला ते बघत नाही. इमारत कुणाची ते बघतो.

संक्रांत आज. काकींनी तिळगूळ दिला. मी घेतला. खाऊ शकले नाही. टाकूही शकले नाही. पुडी ड्रॉवरमध्ये.

२२ जानेवारी

नोटीस पोचली. काकींनी खालून हाक मारली नाही. अण्णांनी मारली, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी.

“घरच्या पोरीनं घरावर केस टाकली रं बाबांनो! बघा!”

सामान बांधतेय. एका हातानं गाठ बसत नाही. दीपालीनं बांधून दिली. म्हणाली, “मी सांगीन अंधार असायचा ते. मला काय कुणाच्या बाची भीती हाय?”

३१ जानेवारी

नवी खोली. एक गल्ली सोडून, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात. कडी, कोयंडा, आतून अडसर. रात्री तरी उठून बघते.

दीपालीनं फोटो पाठवला. बोर्डावर ‘घरगुती वातावरण. शुद्ध दूध.’ आहे. खाली पांढऱ्या रंगाचा पट्टा. सुरक्षा पुसून टाकली. इतकं सोपं.

६ फेब्रुवारी

एक गंमत. गंमतच म्हणायची.

फाटक बंद म्हणून म्हशींना आता माझ्या या खिडकीखालून लांबच्या वाटेनं जावं लागतं. पण त्या सरळ येत नाहीत. आधी त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात, भाल्यांकडे बघत. रामू शिव्या घालत वळवतो. रोज. मी पाहिलं, मुद्दाम जाऊन. (पा.)

मला बघून म्हणाला, “ताई, वाट लांब केलीसा की आमची.”

विचारलं, रामूदादा, तिथे फाटक नव्हतं एवढं सांगाल का?

“मी? अण्णांच्या जागंत गोठा हाय माझा. म्हशीस्नी इचारा. त्या खरं बोलत्यात.”

व.बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हशींचं शपथपत्र होत नाही. होत असतं तर जिंकलो असतो.

१५ फेब्रुवारी

अण्णा जयसिंगपूरला बाबांकडे गेले होते. जोतिबाचा गुलाल आणि पेढे घेऊन. दवाखान्याचा खर्च देतो म्हणाले, तक्रार मागे घ्या.

बाबांचा फोन. “माणूस वाईट नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तुझ्या लग्नाचंही बघायचंय, कोर्टात गेलेली मुलगी म्हणून...”

म्हटलं, बाबा, माणूस वाईट नाही हे पाहिलं की वाटलं?

 मग म्हणाले, “फोन ठेवतो. गॅसवर दूध आहे.”

ज्यांनी रेघ मारायला शिकवली त्यांना रेघ दाखवली. शिकवल्याचं सार्थक झालं म्हणावं का.

२ एप्रिल

अण्णा-काकींचं लेखी उत्तर आलं. व.बाईंनी वाचून दाखवलं. एक मुद्दा जसाच्या तसा उतरवते:

‘तक्रारदार ही ग्राहक नसून, सामनेवाले यांनी तिला घरच्या मुलीप्रमाणे ठेवले होते.’

पुरावे दिलेत. आजारपणात वेळोवेळी मांसाहारी जेवण पुरवले. डिसेंबरचे भाडे घेतले नाही. मुलीकडून कोणी भाडे घेते काय? ती घरातील असल्याने मागच्या वाटेचा वापर स्वखुशीने करीत असे. दूधही पीत असे.

पांढरा रस्सा माझ्याविरुद्ध पुरावा. काकींनी गुडघे धरत जिना चढून आणलेला.

व.बाई म्हणाल्या, हे हुशारीचं आहे. ग्राहकच नाही तर तक्रारच नाही. बाकीच्या महिन्यांच्या भाड्याचे मेसेज आहेत आपल्याकडे, तोडू. पण भाडं परत का घेतलंत हो तुम्ही?

का घेतलं? कारण त्यांनी लेक म्हटलं. आणि मला एकदा तरी ते खरं वाटायला हवं होतं.

हे ‘वाटलं’मध्ये.

१९ एप्रिल

दीपाली साक्ष देणार नाही. कट्ट्यावर भेटली, दुधाचा पेला हातात.

“राग नको मानूस. अण्णांनी माझी डिपॉझिटची गोष्ट काढली. आता वर्षाच्या मधी खोली कुठं शोधू मी? बापाची यंत्रमागावरची पाळी सुटलीया.”

म्हटलं, समजतं मला.

“समजू नकोस गं. शिव्या घाल. समजतेस तवा जास्त लागतं.”

शिवी दिली एक. दोघी हसलो. ती दूध पूर्ण न पिता गेली.

१० जून

काकींचं शपथपत्र. मराठी टाईप, खाली त्यांची सही. वेलांटी नेहमीसारखी मोठी.

‘तक्रारदाराने घटनेपूर्वी वाटेबद्दल अथवा दिव्याबद्दल माझ्याकडे कधीही तक्रार केलेली नाही.’

माझ्याकडे. कधीही.

तीन वेळा वाचलं. मग असं झालं की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. मेथी होती का? की पोकळा? दिव्याचं बोलले की फक्त वाटेचं? दिवसभर स्वतःची उलटतपासणी. संध्याकाळी ड्रॉवर आवरताना तिळगुळाची पुडी सापडली, मुंग्या लागलेली. टाकली.

११ जुलै

आज काकी भेटल्या.

अंबाबाईला आल्या होत्या, शुक्रवार. मंडईत भाजीवालीपाशी समोरासमोर. पळून जायला जागा नव्हती, दोघींनाही. त्यांनी आधी माझा हात हातात घेतला. बधिर बोटं दाबून बघितली. “हितं कळतंय?” नाही म्हटलं. “आणि हितं?” नाही.

मग कोथिंबिरीच्या जुड्यांकडे बघत बोलल्या.

“मेथीच हुती. मला आठवतंय गं. मागची वाट आणि जिन्यातला दिवा. त्याच रात्री ह्यांच्या कानावर घातलं मी. म्हणाले, म्हशीला वाट पायजे. झालं.”

मी म्हटलं, काकी, मग शपथपत्र...

“सही कर म्हणाले, केली. घर माझ्या नावावर हाय हेबी मला तुझी नोटीस आल्यावर कळलं. नावावर करतानाबी सही केली असणार की मी.”

आणि जाता जाता, “मला आठवतंय हे ह्यांना म्हाईत न्हाय.”

कोथिंबीर न घेताच गेल्या.

१२ जुलै

झोप नाही. त्या खोटं बोलल्या, आणि खरंही माझ्याकडेच बोलल्या. दोन्हींचं मी काय करायचं?

बाबांना फोन केला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच आपणहून. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हे पाहिलेलं नाही, वाटलेलं नाही. ऐकलेलं आहे. ऐकलेलं मी तुला लिहायला शिकवलं नाही. ऐकलेलं जपायचं असतं.”

“कुणासाठी बाबा?”

“ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याच्यासाठी.”

आणि मी अण्णांना विश्वासानं सांगितलं की माझं काम गेलं, ते कुणी जपलं? हे बोलले नाही. बोटं बघत बसले.

१९ जुलै

व.बाईंना सांगितलं. सांगू नये असं वाटत असताना सांगितलं. लपवलं असतं तर मीही शपथपत्रातल्यासारखी झाले असते.

त्या उठून उभ्याच राहिल्या. मग बसल्या. म्हणाल्या, मंडईतलं बोलणं पुरावा नाही. पण आपण काकींना लेखी प्रश्नावली देऊ शकतो, उत्तर शपथेवर द्यावं लागतं. एकच प्रश्न.

“हो म्हणाल्या तर अण्णांना माहीत होतं हे सिद्ध. नाही म्हणाल्या तर दुसऱ्यांदा नाही. मग आपली केस बुडाली म्हणून समजा. प्रश्न विचारायचा की नाही, तुम्ही ठरवा. सोमवारी दाखल करायचीय.”

हो म्हणाल्या तर त्या घरात काकींचं काय होईल, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांचं ते काम नाही.

नाही म्हणाल्या तर माझं काय होईल, ते मला पाठ आहे. रिसेप्शन. जन्मभर दुसऱ्यांना सांगायचं, बाही वर करून बसा.

२ ऑगस्ट

तारीख पुढे गेली होती, आता परवा सोमवार नक्की. प्रश्न मी स्वतः लिहून बघितला. उजव्या हातानं. बाबांची पेन्सिल, बोटाला रबर गुंडाळून.

‘तक्रारदाराने घटनेपूर्वी मागील वाट व जिन्यातील दिवा याबद्दल आपणास सांगितले होते काय? असल्यास आपण ते कोणास सांगितले?’

अर्धं पान लागलं. ‘आपणास’ लिहिताना अडकले. काकींना आजवर ‘आपण’ म्हटलेलं नाही.

३ ऑगस्ट

संध्याकाळी म्हशी खिडकीखालून गेल्या. आता फाटकाशी थांबत नाहीत म्हणे. शिकल्या. एवढाही पुरावा उरला नाही.

मग फोन वाजला. काकी. घेऊ नये असं व.बाईंनी बजावलं होतं. घेतला.

“जेवलीस का?”

हो म्हटलं. जेवले नव्हते. (लिहून ठेवते.)

“उद्या तुझ्या वकीलबाई कायतरी प्रश्न घालणार हायत म्हणं मला.”

त्यांना कसं कळलं?

“घाल की. बिनघोर घाल. माझ्या उभ्या जन्मात मला कुणी काय इचारलंच न्हाय बघ. न इचारता बोलायची सवय न्हाय मला.”

विचारणार होते, काकी, विचारलं तर खरं सांगाल ना? तोंडाशी आलं होतं.

तेवढ्यात त्यांच्याकडे कुणीतरी खोकलं. अगदी जवळ, फोनला कान लावून बसल्यासारखं. अण्णांचा खोकला मी तीन मजल्यांवरून ओळखते.

“काकी, जवळ कोण आहे?”

“कोण न्हाय. टीव्ही लागलाय. जेव हं पोटभर.”

ठेवला.

खोकला ऐकला. अण्णांचा वाटला. पाहिलं काहीच नाही.

प्रश्नाचा कागद पर्समध्ये घातलाय. सकाळी व.बाईंच्या जिन्यानं वर जायचंय.